चौकटीतली दुसरी मुलगी

रविवारी आमचं चष्म्याचं दुकान बंद असतं, पण शटर कमरेएवढं वर ठेवलेलं असतं. दुपारची जेवणं उरकली की मास्तर वरच्या मजल्यावरून उतरतात, वाकून त्या शटरखालून आत येतात आणि पाठ सरळ व्हायच्या आधीच भांडायला सुरुवात करतात.

"वहिनी, तुमच्या पुतणीनं सुचवलेला तो नवा सिनेमा पाहिला काल. कॅमेरा एका दारावर जो बसला तो उठेचना! मी मध्ये जाऊन चहा केला, प्यायलो, कप विसळला, तरी आपलं दार तेच."

"मग दारावर काय बदललं ते कळलंच नसेल तुम्हाला," आतल्या खोलीतून भिंगरीचा आवाज येतो. "उजेड बदलला, मास्तर. सकाळची दुपार झाली. कप विसळत बसलात, हुकलं तुमचं."

भिंगरी म्हणजे ह्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. लहानपणापासून एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. ती फिजिओथेरपिस्ट आहे. पडलेल्या, आखडलेल्या, ऑपरेशन झालेल्या माणसांच्या घरोघर जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. बायको गेली, मुलगा लांब, आणि आता त्यांचा सगळा भूगोल जुन्या सिनेमांत आहे. कोणत्या सिनेमात कोणती गल्ली कुठे वळते हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. आणि आमचे हे, चष्मेवाले. सिनेमात गोष्ट काय चाललीय याच्याशी ह्यांना फारसं देणंघेणं नसतं. "काय उजेड पकडलाय बघ," एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं.

मी काउंटर सांभाळते. फ्रेम बसवून देते, कानामागची काडी गरम करून वाकवते. सिनेमातलं मला कळतं असा माझा दावा नाही, उलट मला अंधारात झोप लागते. पण पडद्यावर कुणी हातानं काम करत असलं, बटण लावत असलं, स्क्रू पिळत असलं, की मी टक्क जागी होते. ते खरं करतायत की नुसतं दाखवतायत हे मला लगेच कळतं, आणि खरं करणाऱ्यावर माझा फार जीव जडतो.

डोळे तपासायची आमची आतली खोली बिनखिडकीची आहे. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता उतरवला की मागची पांढरी भिंत हाच पडदा. ह्यांनी कुठूनसा जुना प्रोजेक्टर आणून, भिंगं पुसूनपासून असा जमवलाय की मास्तर म्हणतात, थिएटरात इतकं स्वच्छ दिसत नाही. तपासणीच्या उंच खुर्चीवर मास्तर बसतात, बाकीचे आम्ही बाकावर. असे कित्येक रविवार गेले असतील. भांडणं खूप झाली, पण कुणी रागावून उठून गेलं असं कधी झालं नाही.

आता त्या सिनेमाबद्दल सांगायला हवं. त्याला आम्ही आपसात 'इस्त्रीचा सिनेमा' म्हणतो. काळापांढरा, मास्तरांच्या तरुणपणाच्याही आधीचा. एक तरुण हरवलेल्या भावाला शोधत शहरात येतो. दारोदार फिरतो आणि एका मोठ्या धुलाईघरात शिरतो. तिथे ओळीनं मुली इस्त्र्या करतायत, सगळीकडे वाफ. तो मुकादमीणबाईला भावाबद्दल विचारायला तोंड उघडतो आणि मागे इस्त्री करणारी एक मुलगी एकदम हसते. आधी पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा श्वास आत ओढते, मग हनुवटी खांद्यात खुपसते आणि मनगटाची पाठ तोंडावर धरते. तो तिच्याकडे बघतो. तिचं हसू विरतं, ती त्याच्याकडे बघते. पुढे सिनेमात ती कुठेच नाही. श्रेयनामावलीत तिचं नाव नाही.

मास्तरांचा या हसण्यावर जीव होता. "तोपर्यंत तो नट असतो," ते म्हणायचे. "त्या हसण्यानंतर तो माणूस होतो. एवढ्या मोठ्या शहरात आपल्या दुःखाची कुणाला पत्रास नाही, हे त्याला त्या क्षणी कळतं. काय दिग्दर्शक असेल! एका हसण्यात सगळा सिनेमा फिरवला." कुणी नवा माणूस आला की मास्तर त्याला तेवढा तुकडा दाखवायचेच. भिंगरी म्हणायची, "मास्तर, मला आता ते हसणं स्वतःच्या हसण्यापेक्षा पाठ झालंय." पण तीही कधी उठून गेली नाही. ते होतंच तसं. कितीही वेळा पाहिलं तरी ती मुलगी आत्ताच, पहिल्यांदाच हसतेय असं वाटायचं.

एक दिवस भर दुपारी, दुकानात गिऱ्हाईक असताना, भिंगरी आली ती सरळ काउंटरच्या आत घुसली. हेल्मेट अजून डोक्यावर.

"काकू, ती सापडली."

"कोण?"

"इस्त्रीवाली!"

मी गिऱ्हाइकाच्या नाकावरची फ्रेम तशीच सोडली आणि तिला आत घेऊन गेले.

झालं होतं असं. भिंगरीकडे नुकतीच एक आजी आली होती, गुडघा बदललेली. बोलणं मोजकं. 'पाय उचला' म्हटलं की उचलायची, 'दुखतंय का' म्हटलं की 'हं' म्हणायची. घरात मुलगा, सून, नातवंडं, सगळी तिला जपून असायची. त्या दिवशी भिंगरी तिला खुर्चीवरून कसं उठायचं-बसायचं ते करून दाखवत होती, आणि खाली बसता बसता भिंगरीच्या पँटची शिवण टर्रकन उसवली.

"आणि आजी हसल्या, काकू! श्वास आत ओढला, हनुवटी खांद्यात, मनगट तोंडावर. तस्संच! माझ्या अंगावर काटा आला. चेहरा सगळा बदललाय, पण ते हसणं सत्तरी ओलांडूनही तिथंच आहे."

"मग? विचारलंस?"

भिंगरीनं हेल्मेट काढलं. "तिथंच चुकलं. मी भसकन विचारलं, आजी, तुम्ही सिनेमात होतात का? इस्त्री करताना? तर असं तोंड मिटलं त्यांनी... 'मी नाही ती,' म्हणाल्या. आणि वर, 'व्यायाम झाला असेल तर नीघ.'"

संध्याकाळी हे मास्तरांच्या कानावर गेलं. मी त्यांना इतकं हललेलं कधी पाहिलं नव्हतं. एक हात बाकाच्या पाठीवर ठेवून ते उभेच राहिले. मग म्हणाले, "पत्ता दे."

"मास्तर, त्या नाही म्हणाल्यात," मी म्हटलं.

"अहो वहिनी, मी काही बोलणार नाही. नुसतं त्यांना सांगेन की एवढी वर्षं... की कुणीतरी..."

"ते तुमच्यासाठी झालं. त्यांच्यासाठी काय? एक बाई नाही म्हणतेय तर तिला नाही म्हणू द्या."

मास्तर खाली बसले. भूगोलाच्या माणसाला इतक्या जवळचा पत्ता मिळू नये, हे त्यांना जड जात होतं. पण ऐकलं त्यांनी. भिंगरीनंही पुढे तो विषय काढला नाही. व्यायाम करून घेत राहिली, दोघी कामापुरतं बोलत राहिल्या.

काही आठवडे गेले. आजी काठी घेऊन घरभर फिरायला लागल्या. एका सकाळी पलंगावर पडून पाय वर धरलेला असताना त्या छताकडे बघत म्हणाल्या, "तू म्हणालीस त्या सिनेमात, त्या हसणाऱ्या मुलीच्या डाव्या हाताला एक उंच मुलगी उभी होती. ती दिसते का?"

भिंगरी सांगते, एवढ्या वेळा पाहिलेला तुकडा, पण डाव्या हाताला कोण आहे ते तिला सांगता येईना.

"मी बघून सांगते, आजी," एवढंच ती म्हणाली.

त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं. ह्यांनी प्रोजेक्टर लावला. इस्त्रीचा प्रसंग आला. आम्ही सगळे, आयुष्यात पहिल्यांदाच, त्या हसणाऱ्या मुलीकडे न बघता तिच्या शेजारी बघत होतो. आधी नुसती वाफ. मग एक खांदा. मग वाफ जरा विरते आणि एक लांबट चेहरा, अर्धा, शेजारणीच्या कानाशी झुकलेला. ओठ हलतायत. आणि त्यानंतर, लगेच त्यानंतर, ती हसते.

ह्यांनी चित्र थांबवलं. जवळ जाऊन बघितलं. "फोकस पुढे आहे," हे हळूच म्हणाले. "म्हणून डोळा तिकडे जात नाही. पण आहे. चेहरा आहे."

मास्तर खुर्चीवरून उतरले. मग म्हणाले, "ही इथेच होती? एवढी वर्षं?"

दुसऱ्या दिवशी भिंगरीनं जाऊन सांगितलं, "दिसते, आजी. तुमच्या कानात काहीतरी सांगतेय."

आजींनी पलंगाची कड घट्ट धरली. सून चहा ठेवून बाहेर जाईपर्यंत थांबल्या. मग सगळं सांगितलं.

ती त्यांची थोरली बहीण. दोघी त्याच धुलाईघरात कामाला. एक दिवस सिनेमावाले आले, मोठे दिवे लावले, आणि तुमचं रोजचं काम चालू ठेवा म्हणाले. मुली लाजल्या, पण ताई नाही लाजली. ताई कशालाच लाजायची नाही. सिनेमा लागला की दोघींनी मिळून बघायला जायचं, पुढच्या खुर्च्या धरायच्या, असं ठरलेलं. पण त्याच हिवाळ्यात ताईच्या छातीत कफ धरला. आत वाफेची गरमी, बाहेर गारठा. आधी नुसता खोकला होता, मग ताप आला, आणि सिनेमा लागला तेव्हा ताई नव्हती.

"कोपऱ्यावरच्या भिंतीला त्याचं पोस्टर लागलं," आजी म्हणाल्या. "मी कामाला दुसऱ्या रस्त्यानं जायला लागले. पुढे लग्न झालं, मुलं झाली. कुणाला सांगितलंच नाही. काय सांगायचं?"

"आणि ताईंचा फोटो?"

"एक होता, लहानपणीचा. भिंतीला ओल आली, त्यात गेला. मग माझ्या डोक्यात होता तेवढाच चेहरा. तू विचारलंस ना त्या दिवशी, तेव्हा मला वाटलं, बघायला जावं आणि तो चेहरा वेगळाच निघाला तर? मग माझ्याकडे हाही राहायचा नाही आणि तोही."

भिंगरी एरवी बडबडी, पण अशा वेळी शहाणी असते. ती म्हणाली, "बघू नका मग. काही जबरदस्ती नाही."

आजींनी पाय खाली सोडले, काठी घेतली आणि म्हणाल्या, "रविवारी कितीला लावता तुम्ही?"

त्या रविवारी आम्ही शटर पूर्ण वर केलं. भिंगरी टॅक्सीतून आजींना घेऊन आली. घरी सांगितलं होतं, डोळे तपासायला जाते. मास्तर कडक इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे. आठवडाभर त्यांनी काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, मला वर त्यांच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. आजी समोर आल्या, मास्तरांनी हात जोडले आणि म्हणाले, "या." बस्स. तेवढंच. मग पुढे होऊन आपली उंच खुर्ची त्यांनी रुमालानं पुसून दिली. ती खुर्ची त्यांनी आजवर कुणाला दिली नव्हती.

आजी बसल्या. ह्यांनी त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून उजेडात धरला आणि कळवळलेच. "अहो, हा कधीचा? काचा सगळ्या चरे पडलेल्या. यातून तुम्हाला काय दिसणार?"

"वर्तमानपत्र दिसतं."

"वर्तमानपत्र वेगळं. थांबा."

आणि सगळ्यांना ताटकळत ठेवून ह्यांनी तिथल्या तिथे त्यांचे डोळे तपासले. तक्ता परत भिंतीवर लावला, अक्षरं वाचायला लावली, तपासणीची ती जड गोल फ्रेम नाकावर ठेवून एकेक काच घालत गेले, "आता बरं की मघाशी?" असं विचारत. भिंगरी घड्याळाकडे बघून उसासे टाकत होती. शेवटी हे म्हणाले, "नवा चष्मा व्हायला वेळ लागेल. आज यातूनच बघा. रूपाला छान नाही, पण दिसेल."

दिवा मालवला. त्या अंधारात, कुणीतरी घड्याळजी असावा तशी ती लोखंडी फ्रेम लावून आजी बसल्या.

भिंगरीनं विचारलं, "सरळ तोच भाग लावू?"

"नको. पहिल्यापासून. सिनेमा बघायला आलेय मी."

आणि त्यांनी तो खरंच सिनेमासारखा बघितला. स्टेशनातली गर्दी आली तेव्हा "वा" म्हणाल्या. नायकानं पहिल्यांदा दुःख केलं तेव्हा म्हणाल्या, "हा सगळं भुवयांनीच करतो." मास्तर दचकले, भिंगरीनं माझा हात दाबला.

मग धुलाईघराचं दार. वाफ. मुकादमीणबाई. मी पडद्याकडे न बघता आजींकडे बघत होते. त्या स्वतःकडे बघत नव्हत्या, हे मला फ्रेमच्या रोखावरून कळलं. त्यांनी तरुणपणच्या आपल्या तोंडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळी नजर शेजारच्या चेहऱ्याकडे.

प्रसंग संपला.

"परत," आजी म्हणाल्या.

ह्यांनी परत लावलं. मग पुन्हा. मग पुन्हा. मग आजींनी हवेत बोट उचललं आणि पडद्यावरच्या त्या अर्ध्या चेहऱ्याची कड दुरूनच गिरवली.

"दात जरा पुढे होते तिचे," त्या म्हणाल्या. "हे मी विसरले होते बघा. बाकी सगळं तेच आहे. तीच आहे."

मास्तरांनी घसा साफ केला. "बाई, विचारू का एक? त्या तुमच्या कानात काय म्हणाल्या?"

आजी वळल्या. त्या जाड भिंगांतून डोळे मोठे दिसत होते. "ती म्हणाली, याच्या मिशीचं एक टोक सुटलंय."

हे उठले, चित्र मागे नेलं, नायकाच्या चेहऱ्यावर थांबवलं आणि भिंतीला नाक लावलं. "डावं टोक," हे म्हणाले. "वाफेनं डिंक सुटलाय. वर आलंय, बघा!"

भिंगरी हसून हसून बाकावरून घसरली. मीही हसले, आणि मग मला मास्तरांची काळजी वाटली. एवढी वर्षं त्या हसण्यावर त्यांनी केवढा इमला बांधला होता! पण मास्तर भिंतीजवळ जाऊन ती मिशी बघत होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे दिग्दर्शकाला हे ठाऊक असणार," ते म्हणाले. "मिशी निघाली, मुलगी हसली, सगळा प्रसंग फसला. दुसरा कुणी असता तर ओरडला असता, पुन्हा घ्या म्हणाला असता. यानं ते हसणं ठेवलं! अहो, हा तर मला वाटत होता त्याहून मोठा माणूस निघाला."

"ओरडला होता तो," आजी म्हणाल्या. "मग जरा वेळानं परत आला आणि मला म्हणाला, पोरी, छान हसतेस."

"असं म्हणाला?" मास्तर लहान मुलासारखे विचारत होते. "स्वतः येऊन?"

"स्वतः. नाक लाल झालं होतं त्याचं. सर्दी झाली होती."

मास्तरांनी हे असं ऐकलं जसं कुणी खजिना हातात ठेवावा.

सिनेमा पुढे चालू ठेवायचा की नको, असं मी विचारणार होते, पण आजींनीच खूण केली. सिनेमा पुढे गेला. शेवट मला माहीत होता. नायकाला भाऊ सापडत नाही. तो दमून पुन्हा धुलाईघराच्या फाटकापाशी येतो. कामाची पाळी सुटलेली असते. बायका लोंढ्यानं बाहेर पडतात, सगळ्या आपल्याकडे पाठ करून, आणि तो त्या गर्दीत मिसळून दिसेनासा होतो. त्या गर्दीतली एक बाई फाटकाच्या बाहेर थांबते, मागे वळून बघते, आणि तिच्या तोंडावर सिनेमा संपतो. मास्तर म्हणायचे, ती बाई म्हणजे शहर. शहरानं त्याच्याकडे एकदा वळून पाहिलं.

गर्दी पडद्यावर आली तोच आजी खुर्चीत पुढे झाल्या. काठी खाली पडली.

"ती! ती बघा, ती चालली! खांद्यावर स्वेटर टाकलेली!"

आम्हाला नुसत्या पाठी दिसत होत्या. पण त्यांना चाल दिसली होती. एक खांदा पुढे काढून, घाईघाईनं, इतरांना ओलांडत चाललेली एक उंच मुलगी. ती फाटकातून बाहेर पडली, थांबली आणि वळली. पूर्ण चेहरा. स्वच्छ उजेडात. पुढे आलेल्या दातांसकट.

एवढी वर्षं आम्ही तिला बघत होतो आणि ती कोण ते आम्हाला माहीत नव्हतं.

ह्यांनी न सांगता चित्र तिथेच धरलं. आजी कितीतरी वेळ बघत राहिल्या. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मला जास्तीचं काम होतं. मी आत होते. त्यांनी बाहेर कॅमेरा लावला हे मला कळलंच नाही. हे मी कधी पाहिलं नव्हतं."

"कुणाकडे बघतायत त्या?" भिंगरीनं हळूच विचारलं.

"माझी वाट बघतेय. रोज तिथेच थांबायची."

मास्तर खोलीबाहेर गेले. बाहेर काउंटरजवळ नाक शिंकरल्याचा आवाज आला, बराच मोठा. परत आले तेव्हा हातात चहाचा ट्रे होता, आणि कप कुणाला द्यायचे हे त्यांना सुचत नव्हतं.

चहा पिताना ह्यांनी विचारलं, "त्या चेहऱ्याचा एक मोठा फोटो काढून देऊ का? होईल चांगला."

आजींनी विचार केला. "नको. फोटोत ती गप्प बसेल. गप्प बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. इथे येऊन बघेन, हलताना." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "सिनेमा चांगला आहे हो. पण मध्ये फार लांबलाय. तो खाणावळीतला भाग काढला असता तर काही बिघडलं नसतं."

"खाणावळीतला?" मास्तरांचा आवाज चढला. "बाई, तो तर आत्मा आहे सिनेमाचा!"

"असेल. पण लांबलाय."

पुढच्या रविवारी त्या मुलाला, सुनेला आणि नातवंडांना घेऊन आल्या. घरात काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण सुनेचे डोळे येतानाच लाल होते, आणि मुलगा फाटकाचा प्रसंग बघून बाहेर आला तो म्हणाला, "माझी धाकटी अशीच चालते. आम्ही तिला सरळ चाल म्हणून ओरडतो." त्यानंतर तिला कुणी ओरडलं नसावं.

मग आजी दर रविवारी येऊ लागल्या. नव्या चष्म्यानं, काठीनं, पुढे काठीशिवायही. उंच खुर्ची त्यांचीच झाली. आमचा अंदाज होता की त्या मास्तरांच्या बाजूच्या होतील, जुन्या सिनेमांच्या. तर छे! दोन-तीन जुने पाहून झाल्यावर म्हणाल्या, "हे दिवस मी जगलेय. मला आताचं दाखवा. आताची माणसं काय करतात ते बघू दे." भिंगरीला आभाळ ठेंगणं झालं. तिनं एकेक नवा सिनेमा काढला आणि आजींनी ते असे पाहिले की आम्ही थक्क. एका सिनेमात माणूस आपल्या बायकोशी फोनवर खोटं बोलतो. आजी म्हणाल्या, "काय नट आहे! आवाज साधा ठेवलाय आणि अंगठा बघा, टेबलाची कड कशी खरवडतोय." दुसऱ्या एकात नुसता वाद्यांचा गलबला. त्या म्हणाल्या, "यांना आपल्या गोष्टीवर विश्वास नाही, म्हणून ढोल बडवतायत." मास्तरांनी इतक्या जोरात मान डोलावली की चष्मा घसरला. तो मी नंतर घट्ट करून दिला.

गेल्या आठवड्यात भिंगरीनं हट्टच धरला. बंदरावरची मोठी क्रेन चालवणाऱ्या बाईचा नवा सिनेमा लागला होता, तो थिएटरातच बघायचा. मास्तरांनी कितीतरी वर्षांत थिएटरात पाऊल टाकलं नव्हतं. आवाज कानठळ्या बसवतो, लोक मोबाईल बघतात, खुर्च्या फार मऊ असतात, अशी एक ना दोन कारणं सांगून झाली. आजी म्हणाल्या, "मास्तर, मी नव्या गुडघ्यानं जिने चढणार आणि तुम्ही घरी बसणार?" मग आले.

मी मुद्दाम जागी राहिले, आणि राहायला काही कष्ट पडले नाहीत. ती बाई उंचावरच्या काचेच्या खोलीत बसून दांडे ओढते ते इतकं खरं होतं की माझेच तळवे घामेजले. त्या नटीनं महिनेच्या महिने शिकून घेतलं असणार. वादळात ती एक भलामोठा डबा हळूहळू खाली उतरवते, खाली उभ्या माणसाला तिच्यावर विश्वास ठेवून हलायचं नाही. त्या वेळी संगीत नाही, बोलणं नाही, नुसता वारा. सगळं थिएटर श्वास रोखून होतं. शेजारी बघितलं तर मास्तर खुर्चीच्या टोकावर आलेले.

दिवे लागले. लोक उठले. मास्तर बसूनच. बाहेरच्या दालनात आल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "भिंगरे, मी चुकत होतो असं नाही. पण हा सिनेमा मोठा आहे. फार मोठा आहे. ती खाली उतरते, जमिनीवर पाय ठेवते आणि तिला जमिनीवर चालताच येत नाही, पाय लटपटतात... असं मला कुणी दाखवलं नव्हतं."

भिंगरीनं चक्क त्यांना मिठी मारली. मास्तर ताठ उभे राहिले, मग तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

"पण शेवट चुकला," ते म्हणाले. "तिनं परत वर चढायला नको होतं."

"का नको?" आजी म्हणाल्या.

"कारण गोष्ट जमिनीवर पूर्ण झाली होती, बाई."

"तिची नव्हती झाली. तिला दुसऱ्या दिवशी कामाला जायचं होतं."

"ते आयुष्यात. सिनेमात..."

"सिनेमा कशाचा आहे मग?"

असं म्हणता म्हणता पुढच्या खेळाची माणसं आत येऊ लागली. दरवाजावरच्या माणसानं आम्हाला नम्रपणे बाजूला व्हायला सांगितलं, मग जरा कमी नम्रपणे बाहेर जायला सांगितलं. फुटपाथवर वारा होता. आमच्या ह्यांनी रस्त्यावरच्या दिव्याकडे बोट दाखवून काहीतरी उजेडाचं सांगायला घेतलं, पण ऐकायला कुणी नव्हतं. मास्तर हातानं हवेत क्रेनचा दांडा ओढून दाखवत होते आणि आजी मान हलवत होत्या. भिंगरीनं टॅक्सी थांबवली, दार उघडलं, "आजी, बसा, दमला असाल," म्हणाली.

आजींनी एक हात टॅक्सीच्या दारावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं तिला थांबवलं.

"थांब गं जरा. मास्तरांचं अजून संपलं नाही. आणि ते चुकीचं बोलतायत."